परत धाडलेला डबा

कमलिनीबाई गावंड्यांच्या घरी पाहुण्याला दोन गोष्टी न मागता मिळत. एक जवसाची चटणी, दुसरी रशियन मडमेची गोष्ट. चटणीला कोणी नको म्हणू शकत असे, गोष्टीला नाही.

गोष्ट पन्नास वर्षं जुनी, पण बाईंनी ती पितळेच्या तांब्यासारखी घासूनपुसून ठेवली होती. तेव्हा त्या भिलाईला, स्टील प्लांटच्या सेक्टरातल्या क्वार्टरात राहत. यजमान देवानंदराव प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लर्क. थोडं पलीकडे रशियन कॉम्प्लेक्स, म्हणजे कारखान्याच्या कामाला आलेल्या रशियन इंजिनिअरांची वस्ती. तिथली गालिना नावाची बाई, नवरा रोलिंग मिलमध्ये मोठा साहेब, दर इतवारी सुपेल्याच्या बाजारात यायची आणि दुप्पट भावानं वांगी घेऊन जायची. कमलिनीबाईंना ते पाहवलं नाही. एका इतवारी त्यांनी भाजीवाल्याच्या तागडीला हात घातला आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गालिनाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण पिशवीत वांगी दुप्पट आली एवढं कळलं. तिथून दोघींचं जमलं. एकीला मराठी अन् मोडकी हिंदी, दुसरीला रशियन अन् त्याहून मोडकी हिंदी. तरी दोन वर्षं बाजाराचा इतवार चुकला नाही.

मग आली बहात्तरची संक्रांत. हळदीकुंकवाला बाईंनी गालिनालाही बोलावलं. कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. गालिना ती वाटी बराच वेळ हातात घेऊन बसली. मग तिनं पिशवीतून निळा पत्र्याचा डबा काढला, दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला, एक हात कमरेइतका खाली नेऊन काहीतरी दाखवलं आणि तोच हात छातीवर ठेवला. बाईंना वाटलं, पोरांसाठी खाऊ आहे. सगळ्या बायांच्या देखत झाकण उघडलं. आत चॉकलेटं नव्हती. चॉकलेटांवरचे कागद होते. नुसते कागद, एकावर एक चपटे करून लावलेले, आणि त्यांच्या बाजूला फाटकी तिकिटं.

शेजारच्या जानरावची बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, "खाऊन घेतलं न् सालटं धाडले."

सगळ्या हसल्या. गालिनाही हसली, कारण सगळ्या हसत होत्या.

गोष्ट इथवर आली की कमलिनीबाई पाहुण्याकडे रोखून बघत. "उष्टं आपण कोणाले देतो? गाईले. मी काय गाय होती का?" पाहुणा नाही म्हणे. "दुसऱ्या दिवशी मी कागद सिगडीत घातले, न् डबा आमच्या यायच्या हातून धाडून दिला. रिकामा. आपल्यात शेजारणीचं भांडं कधी रिकामं जाते का? काही नसलं तं चिमूटभर साखर घालतो. रिकामं भांडं म्हणजे तोंडावर दार लावणं." मग आवाज खाली आणून, "न् तिसऱ्या दिवशी आली. रडत रडत. माये दोनी हात धरून बसली, सोडेच ना. म्हटलं, उतरली ना मस्ती. रिकाम्या डब्याची भाषा रशियनले बी समजते."

शेवटच्या वाक्याला घर हसे. सूनबाई प्रणिता लग्न होऊन आली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, तीही अजून हसे. सासूच्या गोष्टीला न हसून कुठे राहणार.

नात मिताली बँकेत होती. जुन्या भिलाईच्या लोकांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यात तिला एक दिवस कोणाचा तरी प्रश्न दिसला की रोलिंग मिलच्या साहेबाची बायको गालिना हिला ओळखणारं कोणी आहे का. मितालीनं लगेच लिहिलं, ही तर माझ्या आजीची मॅडम. आणि श्रावणातल्या एका इतवारी प्रश्न विचारणारा शुभंकर हुडको कॉलनीतल्या त्यांच्या घरी आला.

शुभंकर जवळच्याच बोरसीचा, पंचेचाळिशीचा, शाळेत गणित शिकवणारा. वीस वर्षं त्यानं एकच नाद केला होता. सुपेल्याच्या रद्दीवाल्यांकडून, मेलेल्या माणसांच्या पेट्यांतून तो रशियन लोकांचे मागे राहिलेले कागद गोळा करी. काडेपेटीवरची चित्रं, नव्या वर्षाची कार्डं, कॅन्टीनची कुपनं, ट्रामची तिकिटं. दोन जाडजूड आल्बम घेऊन तो आला होता.

कमलिनीबाईंनी त्याच्यासाठी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पण तोंड ठेवणीतलं नव्हतं.

"म्हणजे तू भंगारवाला," त्या म्हणाल्या.

"तसंच समजा आजी," शुभंकर हसला. "घरवाली बी हेच म्हणते."

"ज्या देशाचे आहेत हे, तो देश तरी आहे का?"

"नाही ना. एक्याण्णवमध्येच संपला."

"मंग? देश राहिला नाई न् तू त्याचे तिकिटं सांभाळून राहिला."

"देशाचं मोठंमोठं सगळं पुस्तकात आहे, आजी," शुभंकर पान उलटत म्हणाला. "पण लोक सकाळी उठून काय खात होते, कोणत्या ट्रामनं कामावर जात होते, ते यातच राहिलं. हे कोणी ठेवत नाही ना. फेकून देतात."

बाईंनी चष्मा लावला. आल्बमच्या पानात पारदर्शक खिसे होते, आणि एकेका खिशात एकेक चॉकलेटचा कागद. एकावर अस्वलं, एकावर लाल रुमाल बांधलेली मुलगी.

"असेच," बाई म्हणाल्या. "अगदी असेच होते. डबाभर."

शुभंकरचा हात पानावर थांबला. "डबाभर? निळा डबा, आजी?"

"तुले कोणं सांगितलं?" बाईंनी मितालीकडे पाहिलं. "सांगून टाकलं का आधीच, मजा गेली ना."

"मी नाही सांगितलं, आजी," मिताली म्हणाली. "तू सांग ना."

आणि बाईंनी गोष्ट सांगितली. वांग्यांपासून सुरू करून, जानरावच्या बायकोचं वाक्य नकलेसकट, सिगडी, रिकामा डबा, दोन हात धरून रडणं. एवढ्या चवीनं त्यांनी ती खूप दिवसांत सांगितली नव्हती. शेवटचं वाक्य आलं. प्रणिता हसली, मिताली हसली. शुभंकर हसला नाही. तो आल्बम बंद करून मांडीवर घेऊन बसला.

"तोंड कावून पाडलं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, आजी. चहा छान आहे."

"चहा अजून आलाच नाई. सांग."

शुभंकरनं मितालीकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला. गालिनाची मुलगी ईरा. भिलाईला होती तेव्हा दहा वर्षांची, आता साठीच्या पुढची. त्यांचं गाव झापोरोझ्ये, ते आता युक्रेनमध्ये. तिकडे लढाई सुरू झाली म्हणून ती आपल्या मुलीकडे पोलंडला राहून राहिली. इंटरनेटवरून शुभंकरची तिची ओळख झाली होती, आणि ग्रुपवरचा तो प्रश्न तिच्यासाठीच होता.

"आपण तं सगळ्यांले रशियनच म्हणो," बाई म्हणाल्या. "मंग? काय म्हणते?"

"गालिना दोन हजार नऊमध्ये गेल्या," शुभंकर म्हणाला.

बाईंनी मान हलवली. गालिना त्यांच्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठी, जाणारच होती. पण त्यांच्या गोष्टीत ती एक्केचाळीसचीच होती, अंगात फुलाफुलांचा फ्रॉक आणि पिशवीत वांगी.

शुभंकर फोनमधलं वाचून मराठीत सांगू लागला. हळूहळू, पोरांना अवघड गणित सांगावं तसा. गालिना लहान होती तेव्हा तिकडच्या पोरी चॉकलेटाचे कागद जमवत. खेळणी फार नसत, हेच खेळणं. कागद चपटे करायचे, घड्या घालायच्या, खेळायचं, आणि सगळ्यात चांगला कागद जिला बहीण मानलं तिला द्यायचा. गालिनाचा बाप दर पगाराला चॉकलेटं आणी आणि ट्राममधून फिरवून आणी. तिकिटं त्या ट्रामची. एक्केचाळीसमध्ये लढाई आली, बाप गेला तो परत आला नाही. माय पोरीला घेऊन आगगाडीनं पळाली, तेव्हा पोरीच्या हातात हा डबा होता. दहा वर्षांची पोर.

शुभंकरनं बसल्याबसल्या हात कमरेइतका खाली धरून दाखवला. सहजच, वय सांगायला धरतात तसा.

कमलिनीबाई त्या हाताकडे बघत राहिल्या.

"ईरा लिहिते," शुभंकर म्हणाला, "आई घरी येऊन म्हणाली, त्या कमलानं मला कपाळाला लाल टिळा लावला, घरातली नवी वाटी दिली. माझ्याकडे इथं दुकानातून आणलेलंच सगळं. माझं म्हणावं असं एकच होतं, ते दिलं."

"दुसरी कोणती कमला असन," बाई एकदम म्हणाल्या. "भिलाईत कमलांचा दुष्काळ होता का? तुयं गणित चुकलं, मास्तर."

"असू शकते, आजी."

"असनच."

शुभंकर फोन खिशात ठेवू लागला, तेव्हा बाईंनीच विचारलं, "पुढं काय लिवलं?"

"पुढं लिहिलं की दुसऱ्या दिवशी एक माणूस सायकलवर डबा परत घेऊन आला. दार मी उघडलं. डब्यात काहीच नव्हतं. डबा देऊन तो माणूस लगेच गेला नाही, बराच वेळ मान खाली घालून उभा होता. मी आईला हाक मारली. आईनं डबा उघडला आणि रडायला लागली. म्हणाली, पाहा, तिनं सगळं ठेवून घेतलं. डबा चांगला आहे म्हणून तेवढा परत केला, इतकी सच्ची बाई. आता माझ्या बाबाचे कागद हिंदुस्थानात आहेत, तिथं लढाई येत नाही."

चहा आला होता. कोणी उचलला नाही.

मान खाली घालून उभा राहणारा माणूस भिलाईत दुसरा नव्हता. देवानंदरावांनी त्या दिवशी डबा हातात घेऊन दोनदा विचारलं होतं. "कमल, रिकामा?" "रिकामाच." मग चपला घालता घालता, "ते कागद तिनं इस्त्री केल्यासारखे लावले होते, कमल. कचरा कोणी असा लावते का?" बाईंनी त्यांना काय उत्तर दिलं होतं ते त्यांना आठवलं, आणि ते आठवल्याचं त्यांना आवडलं नाही. गोष्टीत ही जागा नव्हती. पन्नास वर्षांत ती त्यांनी कधी सांगितली नव्हती. देवानंदराव जिवंत असेपर्यंत गोष्ट सुरू झाली की उठून अंगणात जात, तेही त्यांना आत्ताच आठवलं.

"म्हणजे ती माफी मागायले नव्हती आली," बाई म्हणाल्या.



"ईरा विचारते आहे," शुभंकर म्हणाला. "आईचे कागद अजून आहेत का. परत नकोत तिला. फक्त फोटो पाहिजे. घरातून निघताना ईरानं तो रिकामा डबा सोबत घेतला, बाकी काही घेता आलं नाही." तो खाकरला. "मी लिहून देतो, आजी. पन्नास वर्षांची गोष्ट, वाळवी लागली म्हणून लिहितो. कोणालाही पटेल."

"वाळवी?" बाईंची मान वर आली. "माया घरात? पन्नास वर्षांत माया घरात वाळवी नाई लागली. खबरदार."

"मग पाणी शिरलं म्हणून..."

"पाणी बी नाई शिरलं. मी होती ना घरात." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. पुसत राहिल्या. "सगळे नाई जाळले मी. चांदी काढून घेतली होती."

त्या काळच्या कोणत्याही घरधनिणीनं केलं असतं तेच त्यांनी केलं होतं. कागद सिगडीत घालण्याआधी एकेक उलटून पाहिला, आणि ज्याला आतून चांदी होती तिची चांदी नखानं सोडवून घेतली. सात-आठ महिन्यांवर भादव्यातल्या महालक्ष्म्या होत्या. पुठ्ठ्याची कमळं कापून त्यांवर पिठाच्या खळीनं ती चांदी चिकटवली आणि महालक्ष्म्यांच्या मखराच्या कमानीवर लावली. तेव्हापासून दर वर्षी ते मखर निघे, आणि दर वर्षी त्याच्यापुढे बाई हात जोडत.

मितालीनं स्टुलावर चढून माळ्यावरून कमान उतरवली. जुन्या धोतरात बांधलेली. चांदी काळवंडली होती, पण नऊ कमळं जागेवर होती. मधलं मोठं.

शुभंकर खाली मांडी घालून बसला. "आजी, हात लावू?"

"देवीचं आहे. मीच काढतो," बाई म्हणाल्या.

त्यांनी ओलं फडकं मधल्या कमळावर धरलं, खळ भिजू दिली, आणि नखानं हळूच उचललं. पाकळी सुटली. एका पाकळीची चांदी सुटताना मागून कागदाचा एक तुकडा निघाला, त्या वेळी नीट न सोलल्यामुळे चिकटून राहिलेला. अंगठ्याच्या नखाएवढा. त्यावर खारीचं शेपूट होतं, फक्त शेपूट, केशरी, आणि त्याच्यामागे हिरवं पान. रंग कालच छापल्यासारखे. पन्नास वर्षं चांदीच्या मागे अंधारात राहिले होते.

बाई ते बघत बसल्या. चित्रं होती त्यावर, हे त्यांना माहीतच होतं. डबाभर चित्रं होती. त्यांनी ती जाळताना पाहिलीही होती. पण त्या दिवशी त्यांना दिसत होत्या फक्त पदराआड हसणाऱ्या बाया.

शुभंकरनं खिशातून बारीक चिमटा काढला, आल्बमचा एक कोरा खिसा काढला, आणि मग दोन्ही खाली ठेवले. एवढं हातात आलेलं त्यानं आयुष्यात कधी सोडलं नसेल. "हे ईराचं आहे," तो म्हणाला. "मी फोटो काढतो. मग रजिस्टरनं पाठवू."

"पाठव. न् सोबत चिठ्ठी. मिताली, लिव."

"आजी, मले मराठी लिवता नाही येत," मिताली म्हणाली. "बोल तू, मी हिंदी में लिख देती हूँ।"

"राहू दे. तुया हिंदीत मी खोटी वाटन."

कमलिनीबाई तिसरीपर्यंत शिकल्या होत्या. दुकानाची यादी आणि देवाचं नाव, याखेरीज त्यांनी लग्नानंतर काही लिहिलं नव्हतं. मितालीच्या वहीचं पान घेतलं आणि पाट पुढ्यात ओढला. अर्धा तास गेला. प्रणिता दोनदा येऊन चहा गरम करून आणू का विचारून गेली. शेवटी त्यांनी पान शुभंकरकडे सरकवलं. अक्षरं उतरणीला लागलेली, पण स्वच्छ.

"ईराबाईस. तुझ्या आईने मला बहीण मानले ते मला कळले नाही. मी कागद जाळले. डबा रागाने रिकामा पाठवला. तिला वाटले मी ठेवले. तिला खरे कधी कळले नाही, ते आता तुला सांगते. हा एक तुकडा राहिला. कमलिनी गावंडे."

शुभंकरनं दोनदा वाचलं. "रागाने, हे तसंच ठेवू?"

"तसंच."

"तिच्या आईची आठवण आहे, आजी. एवढं दुखवायचं का? ती साठीची बाई, घर सोडून आलेली."

हे बाईंच्या मनात आलं नव्हतं असं नाही.  "मी पन्नास वर्षं तिच्या आईवर लोकांले हसवलं," त्या म्हणाल्या. "ह्या घरात. जेवायच्या पंगतीत. आता वर वाळवीचं नाव सांगू? लिव तसंच."

शुभंकरनं चिठ्ठीचा आणि शेपटाचा फोटो काढला, खाली तिच्या भाषेत मजकूर लिहिला आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी तुकडा, मधल्या कमळाच्या चांदीसकट, रजिस्टरनं गेला.

ईरानं निरोप वाचला, हे फोनवर दिसलं. उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दोन गेले. मिताली रोज बँकेतून आली की बाई विचारत नसत, फक्त तिच्या हातातल्या फोनकडे बघत. मिताली मान हलवी.

भादव्यात महालक्ष्म्या बसल्या. कमानीवर आठ कमळं होती, मधे रिकामा गोल, खळीचा डाग पडलेला. प्रणितानं तिथं नवं सोनेरी कमळ लावायला आणलं होतं. बाईंनी लावू दिलं नाही.

जेवणाला अठरा बाया होत्या, त्यांत जानरावची बायको. आता काठी टेकत आलेली, दातांचा पत्ता नसलेली, पण डोळे तेच. आंबील वाटीत घेता घेता तिनं वर पाहिलं.

"कमल, मधलं कमळ कुठं गेलं वं?"

"गेलं ज्याचं होतं त्याच्याकडे."

"बरं, ते असू दे. माही नातसून नवी आहे. तिले तुया मडमेचा किस्सा सांग ना. ते सालटं धाडल्याचं."

बाया आधीच हसायला लागल्या. नवी नातसून सरसावून बसली. कमलिनीबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि सुरू केलं. वांगी, तागडी, संक्रांत, वाटी. गालिनानं डबा दिला इथवर आल्या आणि त्यांनी आपला हात कमरेइतका खाली नेला.

"एवढी होती ती," त्या म्हणाल्या. "लढाईत गाडीनं पळाली तेव्हा. हातात तेवढा डबा होता. तिच्या बापानं आणलेल्या खाऊचे कागद होते त्यात. बाप मंग राहिला नाई."

हात तिथंच राहिला. बायांना कुठं हसायचं ते कळेना. जानरावची बायको तोंडातला घास थांबवून बघत होती.

"हे तं तू कधी सांगितलं नाई," ती म्हणाली.

"मले माहीत नव्हतं. विचारलंच नाई ना कोणी. मी बी नाई, तू बी नाई. आमच्या यायनं म्हटलं होतं, त्यायचं आयकलं नाई."

"मंग डबा?"

"डबा मी रिकामा धाडला. ते तं तुले माहीत आहे." बाईंनी पुरणाची पोळी उचलून नातसुनेच्या ताटात टाकली. "घे. लाजू नको. तूप कोणं वाढायचं, प्रणिता?"

जेवणं संपली. निघताना एकेकीच्या डब्यात प्रसाद भरून दिला. जानरावच्या बायकोनं डबा आणला नव्हता. बाईंनी घरातला दिला, वरपर्यंत भरून, झाकण बसेना तेव्हा दाबून बसवलं.

संध्याकाळी मिताली ओसरीवर येऊन बसली. बाई पाय पसरून, पाठ भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आजी, अजून काहीच नाही आलं," ती आपणहून म्हणाली. "शुभंकर सर म्हणतात पार्सल पोहोचलं. सही आहे तिची."

"बरं झालं."

"एक थँक यू तरी लिहायचं ना. कमाल करते ती बी."

"गप," कमलिनीबाई म्हणाल्या. मग आतल्या कमानीतल्या डागाकडे बघत, थोड्या वेळानं, "मी तरी काय घालून धाडलं होतं."